सुटलेला झेल स्कोअरबुकात का नसतो? निवडीच्या वादातून इतिहास कसा वाचायचा



पेट परीक्षा झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, विषय आवडीचा आहे, पण त्यात "संशोधन" नेमकं कुठे आहे ते सापडत नाही. अशी अडचण तुमच्यापैकी अनेकजण कळवतात. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. म्हणून आज एक उदाहरण घेऊन बसूया. उदाहरण क्रिकेटचं आहे. क्रिकेट आवडत नसलं तरी वाचा, कारण मुद्दा साधनांचा आहे.

सुरुवात घरापासून करतो. मी वलवणचा. उन्हाळ्यात आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात. यंदा आमच्या आळीची टीम सलग तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाहेर पडली. संध्याकाळी टपरीवर पंचायत भरली. एकजण म्हणाला, "लाँग ऑनला तो झेल सोडला तिथंच मॅच गेली." दुसरा म्हणाला, "अरे, पण त्याला लाँग ऑनला उभा कुणी केला? तो जवळचा फिल्डर आहे." तिसऱ्यानं मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. "फिल्डिंग सोडा, टीम कुणी निवडली ते बोला. ज्यांनी एन्ट्री फी भरली त्यांची पोरं आत, आणि चांगला बॉलर बाहेर बसून पाणी देतोय." मग जे व्हायचं तेच झालं. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, चहा दोनदा झाला.

घरी आल्यावर मी त्या सामन्याचं स्कोअरबुक मागवून बघितलं. त्यात धावा होत्या, बळी होते, वाइड होते, झेल घेणाऱ्यांची नावं होती. पण ज्या दोन गोष्टींवर दोन तास भांडण झालं त्या दोन्ही कुठेच नव्हत्या. सुटलेल्या झेलाला स्कोअरबुकात रकाना नाही. बाहेर बसवलेल्या खेळाडूलाही रकाना नाही.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. आजचा सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे.

हरणारा संघ, १९११

आता शंभरेक वर्षं मागे जाऊ. १९११ साली आमच्या लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. त्याच योजनेतून पुढे वलवणचं धरण उभं राहिलं आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्याच १९११ च्या उन्हाळ्यात "अखिल भारतीय" म्हणवणारा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग, आणि तेच बऱ्याच सामन्यांना मैदानात नव्हते.

संघ सपाटून हरला. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले. त्यांतले १० हरले, २ जिंकले, २ अनिर्णित राहिले. जिंकलेले दोन म्हणजे लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. पण या हरणाऱ्या संघात एक माणूस असा होता की त्याचे आकडे बघून आजही भुवया उंचावतात. डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर. संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी, त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही याच संघात होते.

बाळूंबद्दल लिहिताना एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: संघाचं क्षेत्ररक्षण बरं असतं तर ११४ चे १५० झाले असते. आता तुम्ही संशोधक आहात. हे वाक्य समोर आलं की काय कराल?

बहुतेकजण दोन चुका करतात. एक, वाक्य जसंच्या तसं उचलून प्रबंधात टाकतात. दुसरी चूक उलट बाजूची: "पुरावा नाही" म्हणून खोडून टाकतात. दोन्ही घाई झाली. आधी विचारा की हे तपासता येईल का. धावफलकावरून नाही येणार. त्यात "झेलबाद" दिसतात, "झेल सुटला" दिसत नाही. पण त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत सामन्याचं लांबलचक वर्णन छापून यायचं, आणि बातमीदार सुटलेले झेल आवर्जून नोंदवायचे. म्हणजे प्रत्येक सामन्याची दोन-तीन वर्णनं शेजारी ठेवून मोजता येतं. त्यानंतरही १५० हा आकडा सिद्ध होणार नाही. झेल घेतला असता तर पुढचा डाव वेगळाच झाला असता, आणि "असतं तर" चं गणित कुणालाच जमत नाही. मात्र "बातमीदारांच्या मते इतके झेल सुटले" हे विधान तुम्ही ठामपणे करू शकाल. ते विधान लहान आहे, पण तुमचं आहे. संशोधनात लहान आणि आपलं विधान हे मोठ्या आणि ऐकीव विधानापेक्षा मोलाचं.

बेसबॉलचा रकाना

जाता जाता एक तुलना. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाची चूक नोंदवायला चक्क रकाना असतो. धावा, हिट आणि "एरर" असे तीन आकडे फलकावर शेजारी शेजारी झळकतात. आपल्याला वाटेल, वा, प्रश्नच मिटला! पण नाही मिटत. चूक ठरवतो तिथला अधिकृत स्कोअरर, त्याच्या नजरेनं. शिवाय जो खेळाडू चेंडूपर्यंत पोचलाच नाही त्याच्या नावावर बहुतेक वेळा चूक लागत नाही. धावून हात घालणारा दोषी ठरतो, जागेवर उभा राहणारा सुटतो! म्हणून तिथले प्रेक्षकही हरणाऱ्या संघाबद्दल तावातावानं भांडतच असतात.

आणि त्याच बेसबॉलचं दुसरं पान बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद होतं. ते उघडलं १९४७ साली, ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन खेळले तेव्हा. मधल्या पन्नासेक वर्षांतल्या प्रत्येक चुकीची आकडेवारी लीगकडे आहे. पण त्या वर्षांत ज्यांना मैदानातच येऊ दिलं नाही त्यांचा "एरर" कुणाच्या नावावर लावायचा? निवडणाऱ्यांच्या चुकीला रकाना तिथंही नाही.

कर्णधार कोण नव्हता?

आता परत बाळूंकडे. इथून विषय जड होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वाढले पुण्यात. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत "अस्पृश्य". पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात ते मैदानाची कामं करायचे: रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग या नावाजलेल्या फलंदाजाला त्यांनी तासन् तास चेंडू टाकले. ग्रेग बाद झाला की आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी मात्र बाळूंच्या वाट्याला आली नाही, असंही सांगितलं जातं. मग पुण्यातल्या हिंदू क्लबाला प्रश्न पडला की याला आपल्या संघात घ्यायचं का. गोलंदाज तर हवाच होता. शेवटी घेतलं. मैदानात चेंडू एकच, सगळे त्याला हात लावणार. पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

पुढे ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे ८ बळी होते. तेव्हा "इंडियन सोशल रिफॉर्मर" या साप्ताहिकानं या विजयाचा संबंध जातीची बंधनं सैल होण्याशी जोडला. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी स्पर्धा सुरू झाली: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. मुंबईतले सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर व्हायचे. त्या जिमखान्याचं सभासदत्व भारतीयांना नव्हतं. बघणारे लोक भोवतीच्या तंबूंत आणि मैदानाच्या कडेला दाटीवाटीनं उभे.

बाळू संघातले सर्वात अनुभवी खेळाडू. तरी दर वर्षी कर्णधार दुसराच कुणी. १९१३ च्या सुमारास कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर सत्कारात स्वतःच बोलून दाखवलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. विचार करा, निवड झालेला माणूस उघड सांगतोय की माझ्या जागी दुसरा हवा होता. आता त्या सामन्याचा धावफलक काढा. कर्णधाराच्या नावापुढे फुली असते ना, ती पैंच्या नावापुढे आहे. बाळूंच्या नावापुढे काहीच नाही. जे झालं ते छापलंय. जे व्हायला हवं होतं त्याचा मागमूस नाही.

१९२० साली हे प्रकरण फुटलं. पै उपलब्ध नव्हते. कर्णधारपद मिळालं पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना. बाळूंना संघातून वगळलं होतं. त्यांचे भाऊ विठ्ठल हे देवधरांपेक्षा वयानं आणि अनुभवानं मोठे, पण त्यांचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतलं आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. वर्तमानपत्रांत वाद पेटला. "बॉम्बे क्रॉनिकल" सारख्या पत्रात क्रिकेटचा विषय आता खेळाच्या पानापुरता राहिला नाही. असहकाराचे दिवस होते, अस्पृश्यता निवारणाची भाषा सभांमधून होत होती. मग क्रीडारसिक विचारणारच की सभेत एक आणि संघ निवडताना दुसरं, हे कसं?

अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, विठ्ठल आणि शिवराम पुन्हा संघात आले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाचं नेतृत्व केलं. आयुष्यभराच्या हक्काचे ते तेवढेच क्षण! बाळूंची ही शेवटची चौरंगी. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघानं स्पर्धा जिंकली.

आता तुमचं काम

गोष्ट ऐकायला सोपी वाटते: अन्याय, निषेध, विजय. "लगान" मधला कचरा आठवला असेल. पण गोष्ट सांगणं आणि संशोधन करणं यात फरक आहे, आणि तो फरक चार पायऱ्यांत दाखवतो.

पहिली पायरी, साधन कशासाठी तयार झालं ते विचारा. धावफलक निकाल सांगण्यासाठी बनतो, न्याय सांगण्यासाठी नाही. वाद, संपादकाला आलेली पत्रं, सत्काराची भाषणं, खेळाडूंची निवेदनं यांत मात्र नेमकं तेच सापडतं जे धावफलकात नसतं. प्रेक्षकांचं भांडण म्हणजे गोंगाट, असं समजून आपण पान उलटतो. ते पान उलटू नका. रकान्याबाहेरची नोंद बहुतेक वेळा तिथेच असते.

दुसरी पायरी, पत्र लिहिणारा कोण ते बघा. १९२० साली इंग्रजी दैनिकाला पत्र लिहू शकणारा माणूस शिकलेला होता. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या कामगाराचं मत तिथं क्वचित येणार. म्हणून एकाच भाषेतल्या एका दैनिकावर थांबू नका. मराठी पत्रं बघा. सरकार देशी वर्तमानपत्रांचे साप्ताहिक गोषवारे इंग्रजीत काढायचं, तेही बघा. पण लक्षात ठेवा, तो गोषवारा सरकारी नजरेनं केलेला आहे. आणि विठ्ठल पालवणकरांचं "माझे क्रीडा-जीवन" हे मराठी आत्मचरित्र आहे, १९४८ चं. मराठी येणाऱ्या संशोधकाला हे केवढं मोठं भांडवल! फक्त एवढं ध्यानात असू द्या की १९२० च्या प्रसंगानंतर ते २८ वर्षांनी छापलं गेलं. आठवण आणि बातमी शेजारी ठेवून वाचा. जुळतात तिथे आनंद आहेच, जुळत नाहीत तिथे खरा प्रश्न आहे.

तिसरी पायरी सर्वात महत्त्वाची: वादात कोणते शब्द वापरले जातात ते टिपा. माणसं जातीचं नाव घेऊन सहसा विरोध करत नाहीत. "अनुभव", "शिक्षण", "शिस्त", "संघाची एकी", "नेतृत्वाला लागणारं वळण" असे शब्द येतात. शब्द दिसायला साधे असतात. पण अनुभव हा निकष असेल तर बाळू आणि विठ्ठल पुढे यायला हवेत. ते आले नाहीत की निकष बदलून "शिक्षण" होतो. निकष केव्हा बदलला, कुणासाठी बदलला, याची तारीखवार यादी करा. ती यादी म्हणजे तुमच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण.

चौथी पायरी, कुणाला झटकन देव किंवा राक्षस करू नका. देवधरांनी स्वतःला निवडलं नव्हतं, आणि ते फार मोठे फलंदाज होते. १९२६ साली एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या, आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं रणजी करंडक दोनदा जिंकला. इकडे बाळूंचं पुढचं आयुष्यही सरळ रेषेत नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं राजकारण आपल्याला हवं तसंच असेल असं नाही. ते तसं का होतं, हे विचारणं म्हणजे संशोधन. ते लपवणं म्हणजे चरित्रगौरव.

आता प्रश्न कसा मांडायचा? "बाळू पालवणकर यांच्यावर अन्याय झाला का?" असा प्रश्न घेऊन गाईडकडे जाऊ नका. उत्तर पहिल्या पानावर संपतं. त्याऐवजी असं बघा: "१९०७ ते १९२३ या काळात हिंदू संघाच्या कर्णधार निवडीचं समर्थन आणि विरोध कोणत्या निकषांच्या भाषेत झाला, आणि ती भाषा केव्हा बदलली?" काळ ठरलाय, साधनं ठरलीत, आणि उत्तर तुम्हाला आधी माहीत नाही. उत्तर आधी माहीत नसणं ही चांगल्या प्रश्नाची खूण आहे.

या विषयावर आधी काम झालेलं नाही असं मात्र सिनॉप्सिसमध्ये लिहू नका, व्हायव्हाला अडचण होईल. रामचंद्र गुहा यांचं क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरचं पुस्तक २००२ साली आलं आणि बाळूंची कथा त्यातून दूरवर पोचली. प्रशांत किदंबी यांनी १९११ च्या दौऱ्यावर २०१९ साली अख्खं पुस्तक लिहिलं. दोन्ही वाचा. मग स्वतःला विचारा, मराठी साधनांतून त्यांच्यापेक्षा वेगळं काय दिसू शकेल? माझा अंदाज आहे की पुण्याची बाजू अजून पुष्कळ खणायची राहिली आहे. १९२० मध्ये पुण्याच्या आखाड्यांत, जिमखान्यांत, कट्ट्यांवर या निवडीवर काय बोललं गेलं असेल? त्या काळी पुण्याचा खेळाडू मुंबईला निघाला की गाडी आमच्या लोणावळ्यावरूनच घाट उतरायची. डब्यात देवधरांचे समर्थकही असणार आणि विठ्ठलांचेही. त्या डब्यातलं बोलणं आपल्याला मिळणार नाही. पण त्याचे पडसाद कुठल्या तरी दैनिकाच्या पिवळ्या पानावर पडले असतील, आणि ते पान अजून कुणी उघडलं नसेल.

टपरीवर परत येतो. दुसऱ्या दिवशी मी आमच्या स्कोअरबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या: कुठल्या षटकात झेल सुटला, आणि कोण बाहेर बसला होता. ज्याच्याकडे वही असते तो मित्र चिडला. "हे काय लिहितोस? उगाच भांडणं लागतील." मी म्हणालो, "भांडण तर झालंच आहे. फक्त नोंद राहिली होती." तो काही बोलला नाही, पण त्यानं त्या ओळी खोडल्याही नाहीत.

तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या गावातल्या, कॉलेजातल्या किंवा संस्थेतल्या कुठल्याही एका निवडीची अधिकृत नोंद मिळवा. संघ असो, समिती असो, नाटकातली पात्रं असोत. नोंदीत काय आहे ते एका पानावर लिहा. मग तेव्हा हजर असलेल्या तिघांशी बोला आणि नोंदीत काय नाही ते दुसऱ्या पानावर लिहा. दोन पानांमधली जी फट दिसेल, तिथे तुमचा विषय आहे.